स्वतःच्या वेगाने अकाउंटिंगची पदवी: सहा महिन्यांत किती विषय धरावेत?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सहा वर्षं देणी विभागात काम: पुरवठादारांची बिलं तपासायची, नोंदवायची, महिनाअखेरीला हिशेब बंद करायचे. नोकरी पूर्णवेळ. नुकताच अकाउंटिंगच्या ऑनलाइन पदवीला प्रवेश घेतलाय. तिथे वर्ग नाहीत, वेळापत्रक नाही. टर्म सहा महिन्यांची, फी ठरावीक, त्या मुदतीत जितके विषय उरकाल तितके तुमचे. आठवड्याला १२ तास निघतील असा तुमचा अंदाज आहे. ओळखीतल्या एकाने अख्खी पदवी वर्षात संपवल्याचं कानावर आलंय. तर सहा महिन्यांत किती विषय धरावेत, एका वेळी एक की दोन, क्रम काय, आणि मध्येच एखादी टर्म सोडली तर चालेल का?

मी अशीच पदवी नोकरी सांभाळून केली आणि त्यानंतर बरीच वर्षं याच वाटेवरच्या विद्यार्थ्यांना इंटरमीजिएट अकाउंटिंग (पायाभूत विषयानंतरचा, पदवीतला सगळ्यात जड टप्पा) आणि टॅक्स शिकवतोय. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. विषयांची संख्या मोजू नका, तास मोजा. आणि सोप्या विषयांत वाचलेला प्रत्येक तास इंटरमीजिएटसाठी राखून ठेवा. 'स्वतःच्या वेगाने' या शब्दांनी बहुतेकांची फसगत होते, कारण त्यांना वाटतं वेग एकच असतो. तो विषयागणिक बदलतो, आणि काही ठिकाणी तो तुमच्या हातातही नसतो.

आधी तासांचा हिशेब. अमेरिकन पद्धतीत सेमिस्टरचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला १ तास वर्ग आणि २ तास स्वतःचा अभ्यास, असे साधारण १५ आठवडे. म्हणजे ४५ तास. ३ क्रेडिटचा विषय १३५ तासांचा झाला. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात आणि पूर्णवेळ विद्यार्थ्याचं वर्ष ६० क्रेडिटचं, म्हणजे १,५०० ते १,८०० तासांचं असतं. दोन्ही पद्धतींत आकडा सरासरी विद्यार्थ्याचा आहे. तुम्ही सरासरीपेक्षा पुढे असाल, पण किती पुढे ते विषयावर ठरेल.

आता तुमचे १२ तास. सहा महिन्यांचे २६ आठवडे, म्हणजे कागदावर ३१२ तास. त्यातून महिनाअखेर वजा करा. तुम्ही देणी विभागात आहात, म्हणजे दर महिन्याचे पहिले चार-पाच कामाचे दिवस उशिरापर्यंत ऑफिसात. त्या आठवड्यात १२ ऐवजी ४ तास झाले तरी नशीब. सहा महिनाअखेरी गुणिले ८, गेले ४८ तास. आजारपण, घरचं एखादं कार्य, ऑफिसातलं ऑडिट, यासाठी दोन आठवडे सोडा, आणखी २४. हातात उरले २४० तास. यातले सगळे चांगले जातील असंही नाही, पण नियोजनाला हा आकडा धरा. ३१२ धरलेत तर चौथ्या महिन्यात स्वतःवरच चिडचिड सुरू होईल.

वर्षात पदवी संपवणाऱ्या त्या गृहस्थांबद्दल. ते खोटं बोलत नसावेत. गणित मांडून बघा. १२० क्रेडिटची पदवी, क्रेडिटला ४५ तास, एकूण ५,४०० तास. आठवड्याला १२ तासांनी त्याला ४५० आठवडे, म्हणजे साडेआठ वर्षांहून जास्त लागतील. आता समजा निम्मी क्रेडिट्स आधीच्या शिक्षणावरून वर्ग होऊन मिळाली. राहिले २,७०० तास. कामाच्या अनुभवामुळे त्यातले निम्मे वाचले, राहिले १,३५०. ते ५२ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला २६ तास रोखठोक हवेत. हे जमवणारे लोक मी पाहिलेत. जवळजवळ सगळ्यांची निम्मी पदवी आधीच झालेली होती आणि घरात दुसरं कुणीतरी बाकी सगळं बघत होतं. तुमच्या २४० तासांच्या हिशेबाने तेच १,३५० तास संपायला अडीच ते तीन वर्षं लागतात. हे ऐकायला कंटाळवाणं आहे, पण हिशेबनीसाने हिशेबाला घाबरून कसं चालेल?

विषयागणिक तास किती लागतात, हे सांगताना मी माझी आणि माझ्या विद्यार्थ्यांची टिपणं समोर ठेवून बोलतोय. हे शास्त्र नाही, अंदाज आहे. व्यवसाय कायदा, संवादकौशल्य, व्यवस्थापनाची तत्त्वं, माहिती तंत्रज्ञानाची ओळख असले विषय नोकरी केलेल्या माणसाला २५ ते ३५ तासांत होतात. कॉस्ट आणि मॅनेजमेंट अकाउंटिंग ७० च्या आसपास. ऑडिट ६० ते ७०, कारण त्यात गणित कमी आणि भाषा बारीक. टॅक्स ८० ते १००. आणि इंटरमीजिएटचे जे दोन किंवा तीन भाग असतील त्यातल्या प्रत्येकाला ११० ते १४०. म्हणजे तुमच्या पहिल्या टर्मच्या २४० तासांत दोन हलके विषय (पायाभूत फायनान्शियल पळवता येत असेल तर तो त्यातलाच एक धरून), कॉस्ट आणि इंटरमीजिएटचा पहिला भाग, एवढं जेमतेम बसतं. चार विषय. संस्थेने नोंदणीच्या वेळी यापेक्षा जास्त सुचवले तर आधी चारच घ्या. बहुतेक ठिकाणी चार संपल्यावर पाचवा मागून जोडता येतो, पण घेतलेला विषय सोडला तर तो नापास म्हणून नोंदला जाण्याची शक्यता असते. आपल्या संस्थेचा नियम पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून घ्या.

आता माझी स्वतःची फजिती. मी बुककीपर म्हणून काम करत होतो, त्यामुळे फायनान्शियल अकाउंटिंगचा पायाभूत विषय नऊ दिवसांत उडवला. छाती फुगली. त्याच झपाट्यात पुढचे चार विषय संपवले आणि इंटरमीजिएटच्या दुसऱ्या भागात घोडं पेंड खायला लागलं. परीक्षा थोडक्या गुणांनी गेली. पुन्हा बसण्याआधी मार्गदर्शकाने मला एक भाग परत सोडवायला लावला, तेव्हा कळलं की मला समायोजन नोंदी (खर्च आणि उत्पन्न ज्या त्या वर्षात बसवायला वर्षाअखेरीला करतात त्या) येतच नव्हत्या. रोजच्या कामात त्या नोंदी सॉफ्टवेअर करत होतं, मी फक्त बटण दाबत होतो. पायाभूत विषयात वाचवलेले दोन आठवडे मी पुढे अकरा आठवडे फेडत बसलो.

म्हणून पायाभूत विषय पळवण्याआधी स्वतःची एक छोटी परीक्षा घ्या. १ ऑक्टोबरला वर्षभराचा विमा हप्ता १२,००० भरला, तो पूर्ण खर्चात टाकला. वर्ष ३१ डिसेंबरला संपतं. समायोजन नोंद लिहा. उत्तर असं: ३,००० तीन महिन्यांचा खर्च राहिला पाहिजे, म्हणून ९,००० पूर्वदत्त (आगाऊ भरलेला) विमा नावे (डेबिट) आणि विमा खर्च जमा (क्रेडिट). आता हीच रक्कम सुरुवातीला मालमत्तेत टाकली असती तर? तेव्हा ३,००० खर्च नावे, पूर्वदत्त विमा जमा. दोन्ही रूपं न अडखळता आली, नंतर उधारीवरची विक्री बुडण्याची तरतूद, न मिळालेलं व्याज आणि न दिलेले पगार यांच्या नोंदीही आल्या, तर खुशाल पळवा. एकीकडे जरी हात थांबला तरी त्या विषयाला ४० तास द्या. देणी विभागातल्या माणसाला खर्चाची बाजू चांगली येते आणि उत्पन्नाची बाजू कच्ची असते, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता विचारायच्या आधीच ओळखतो.

(जाता जाता: हाताने तेरीज (ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज) जुळवायची सवय आता कुणालाच उरलेली नाही, कारण सॉफ्टवेअरमध्ये ती जुळूनच येते. तरी एकदा करून बघा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर आकडे उलटसुलट झाले असण्याचा संशय घ्या, उदाहरणार्थ ५,४०० चे ४,५०० झाले की फरक ९००. फरकाच्या निम्मी रक्कम कुठल्या नोंदीत सापडली तर ती चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. परीक्षेत याचा प्रश्न येणार नाही. पण नावे आणि जमा बोटांत मुरायला यासारखं दुसरं काही नाही.)

इंटरमीजिएट इतकं का खातं, ते एका उदाहरणाने दाखवतो. कर्जरोखा (बाँड), दर्शनी किंमत १,००,०००, मुदत ५ वर्षं, छापील व्याज ८ टक्के वर्षातून एकदा, बाजारातला दर १० टक्के. तो किती किमतीला विकला जाईल? दरवर्षीचे ८,००० गुणिले १० टक्क्यांचा पाच वर्षांचा वार्षिकी गुणक (दरवर्षी मिळणाऱ्या १ रुपयाचं आजचं एकूण मूल्य) ३.७९०७९, आले ३०,३२६. शेवटी मिळणाऱ्या १,००,००० चं आजचं मूल्य ६२,०९२. बेरीज ९२,४१८. म्हणजे ७,५८२ ची सूट. पहिल्या वर्षी व्याजखर्च किती? ९२,४१८ च्या १० टक्के, म्हणजे ९,२४२. रोख दिले ८,०००. फरक १,२४२ इतकी सूट संपली, म्हणून पुस्तकी किंमत झाली ९३,६६०. दुसऱ्या वर्षी व्याज या ९३,६६० वर मोजायचं. पाचव्या वर्षाअखेर पुस्तकी किंमत बरोबर १,००,००० वर येऊन टेकते.

व्हिडिओत हे सहा मिनिटांत होतं. बघताना मान डोलते, सगळं समजलं असं वाटतं. कोऱ्या कागदावर पहिल्यांदा करायला बसलात की पन्नास मिनिटं जातात. कुणी व्याज दर्शनी किमतीवर काढतं, कुणी पुस्तकी किमतीला ८ टक्के लावतं, कुणी सूट मिळवण्याऐवजी वजा करत जातं आणि पाचव्या वर्षी ८७,००० च्या आसपास पोचून डोकं धरून बसतं. तिसऱ्यांदा तेच पंधरा मिनिटांत होतं. परीक्षेत एवढ्यालाही वेळ नसतो. हे पन्नासवरून पंधरावर येणं म्हणजेच अभ्यास, आणि तो कुठल्याही वेगाने व्हिडिओ पळवून होत नाही. व्हिडिओ दीडपट वेगाने बघा, काही बिघडत नाही. कागद दीडपट वेगाने चालत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आठवड्याचा हिशेब 'उत्तर न बघता पूर्ण सोडवलेली गणितं' या एककात मागतो. किती पानं वाचली, किती व्हिडिओ झाले, ते मला सांगू नका. १२ तासांच्या आठवड्यात इंटरमीजिएटची २५ ते ३० मध्यम गणितं झाली तर आठवडा चांगला गेला. दहाच झाली असतील तर तुम्ही वाचत बसलात. वाचणं आरामाचं असतं, त्यामुळे दमलेला माणूस आपोआप तिकडे सरकतो. मीही सरकतो.

यामागे पक्का आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. स्वतःच्या वेगाने शिकणाऱ्याला हीच फसवणूक रोज होते. संध्याकाळी धडा संपतो तेव्हा सगळं लख्ख आठवत असतं, म्हणून तो पुढचा धडा उघडतो, आणि परीक्षा पाच आठवड्यांनी असते.

इंटरमीजिएटचं दुसरं वैशिष्ट्य असं की त्यातले धडे एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. पैशाचं कालमूल्य (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढणं) कच्चं असेल तर कर्जरोखे कच्चे. कर्जरोखे कच्चे असतील तर भाडेपट्टे कच्चे, कारण आयएफआरएस १६ या आंतरराष्ट्रीय लेखामानकाप्रमाणे भाडेकरूला पुढच्या हप्त्यांचं आजचं मूल्य काढूनच देणं आणि वापरहक्काची मालमत्ता ताळेबंदात आणावी लागते. निवृत्तिवेतनाच्या देण्यांतही पुन्हा तेच गणित. म्हणून इंटरमीजिएट सुरू होण्याआधी एक अख्खा आठवडा फक्त कालमूल्याला द्या: एकरकमी, वार्षिकी, सुरुवातीला देय वार्षिकी, मुदत वर्षाऐवजी सहामाही असताना दर निम्मा आणि कालखंड दुप्पट. हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो. पुढच्या सहा महिन्यांत इतकी परतफेड दुसरा कुठलाच आठवडा करत नाही.

रोख प्रवाह पत्रक हा आणखी एक खड्डा. घसारा नफ्यात का मिळवायचा, हे विचारलं की निम्मे जण म्हणतात 'कारण तो रोख येतो'. घसाऱ्यातून एक छदामही येत नाही. तो नफ्यातून वजा झालेला पण रोख न गेलेला खर्च आहे, म्हणून ती वजाबाकी परत फिरवायची. ग्राहकांकडची येणी वाढली तर वजा, पुरवठादारांची देणी वाढली तर मिळवा. देण्यांचं कारण तुम्हाला तोंडपाठ हवं, ते तर तुमचं रोजचं काम. येण्यांचं कारण त्याच्या आरशातलं. नियम पाठ करू नका; दर वेळी 'रोख खरंच हलली का?' एवढं विचारा.

एका वेळी एक की दोन? दोन, पण जोडी बघून. ऑनलाइन पदव्यांत मूल्यमापन साधारण दोन जातींचं असतं: कॅमेऱ्यासमोर द्यायची वस्तुनिष्ठ परीक्षा, आणि लिहून पाठवायचा प्रकल्प किंवा निबंध. एक परीक्षेचा विषय आणि एक प्रकल्पाचा विषय अशी जोडी लावा. प्रकल्प तपासून यायला काही दिवस लागतात, त्या दिवसांत गणितं करा. दोन परीक्षेचे जड विषय एकत्र घेऊ नका, आणि इंटरमीजिएटबरोबर टॅक्स तर मुळीच नको. कंपनीच्या पुस्तकात आणि कराच्या विवरणात एकाच गोष्टीचे नियम वेगळे असतात, दोन्ही अर्धवट असताना डोक्यात खिचडी होते. डिफर्ड टॅक्सचा (या फरकामुळे पुढच्या वर्षांवर ढकलल्या जाणाऱ्या कराचा) धडा याच फरकावर उभा आहे, पण तो समजायला आधी एक बाजू घट्ट हवी.

प्रकल्पांबद्दल एवढंच: गुणांकनाचा तक्ता आधी वाचा आणि त्यातल्या प्रत्येक ओळीचं उत्तर वेगळ्या शीर्षकाखाली लिहा. तपासणाऱ्याला शोधायला लावू नका. आणि टर्मच्या शेवटच्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा पाठवायचा प्रकल्प ठेवू नका. तो दुरुस्तीसाठी परत आला तर तुमचे हात बांधलेले असतात.

क्रम सांगतो. पायाभूत फायनान्शियल, मग कॉस्ट, मग इंटरमीजिएटचे सगळे भाग सलग, मध्ये खंड न पाडता. हलके विषय आधी सगळे उडवून टाकायचा मोह होईल. आकडा पटकन वाढतो, बरं वाटतं. पण मग शेवटच्या दोन टर्ममध्ये फक्त डोंगर उरतात आणि महिनाअखेरीला करायला काही हलकं शिल्लक राहत नाही. हलके विषय मिठासारखे वापरा, थोडे थोडे सगळीकडे. टॅक्स एका दमात संपवा आणि शक्यतो अशा वेळी घ्या की अभ्यास आणि परीक्षा एकाच कर-वर्षाच्या नियमांवर होईल. दर आणि मर्यादा बदलल्या की अर्धा पाठ केलेला मजकूर जुना होतो. ऑडिट इंटरमीजिएटनंतर, ताळेबंद कसा बनतो हे माहीत नसताना तो तपासायचा कसा, हे शिकण्यात अर्थ नाही.

फार सावकाश जाण्यालाही किंमत आहे, ती कुणी सांगत नाही. लेखामानकं बदलत असतात. उत्पन्न ओळखण्याचं आयएफआरएस १५ हे २०१८ च्या सुरुवातीपासून लागू झालं, भाडेपट्ट्यांचं आयएफआरएस १६ हे २०१९ पासून. आर्थिक पत्रकांच्या मांडणीचं आयएफआरएस १८ एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू आहे. ते आयएएस १ या जुन्या मानकाची जागा घेतं. अशा बदलाच्या आधी निम्मा आणि नंतर निम्मा अभ्यास केलात तर काही भाग दोनदा शिकावा लागतो. अभ्यासक्रम बदलला की संस्थाही प्रश्नसंच बदलतात. म्हणून एकदा सुरू केलेला विषय आठ-दहा आठवड्यांच्या आत मिटवा, इंटरमीजिएटला बारा.

आठवड्याची मांडणी करताना १२ तास समान वाटू नका. नोकरीवरून आल्यावरचा दीड तास आणि शनिवार सकाळचा दीड तास यांची बरोबरी होत नाही. नवा धडा फक्त सुट्टीच्या सकाळी उघडा, तीन-तीन तासांच्या दोन बैठकी. आठवड्यातल्या चार संध्याकाळी त्याच धड्याची गणितं, नवीन काही नाही. दमलेलं डोकं नवीन कल्पना घेत नाही, पण ओळखीचं गणित परत करू शकतं. महिनाअखेरीच्या आठवड्यात पुस्तकच उघडू नका म्हटलं तर तुम्हाला अपराधी वाटेल, म्हणून तेव्हा कायद्याचं वाचन किंवा प्रकल्पाचा मसुदा ठेवा. आणि दर रविवारी अर्धा तास मागच्या महिन्यातली पाच गणितं, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. माझा एक विद्यार्थी हे वगळून दोन आठवडे वाचवतो म्हणाला. कर्जरोख्यांचा धडा त्याला परीक्षेआधी पूर्ण नव्याने करावा लागला, म्हणजे ये रे माझ्या मागल्या.

सराव परीक्षा पहिल्याच दिवशी, काही न वाचता द्या. गुण किती आले याला महत्त्व नाही. कुठले धडे सोडून देता येतील हे कळतं. अनुभवी माणसाचे खरे तास इथेच वाचतात. मात्र तीच सराव परीक्षा दोनदा दिली की दुसऱ्या वेळचे गुण फुगलेले असतात, प्रश्न ओळखीचे झालेले असतात. दुसरा संच असेल तर तो शेवटच्या आठवड्यापर्यंत झाकून ठेवा. उत्तीर्ण होण्याच्या रेषेवर दहा टक्के तरी वर असाल तेव्हाच खरी परीक्षा लावा. कॅमेऱ्यासमोर, अनोळखी खिडकीत, कागदाऐवजी पांढऱ्या फळीवर गणित करताना तेवढी घट होतेच.

आणि तारीख ठरवताना स्वतःच्या अंदाजावर विश्वास ठेवू नका. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना किती दिवस लागतील ते विचारलं होतं. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. म्हणून माझा साधा नियम: जड विषयाच्या अंदाजाला दीडने गुणा, मगच परीक्षेची तारीख घ्या. पण तारीख घ्याच. तारीख नसलेला विषय कधीच तयार होत नाही; 'अजून एक धडा' करत त्याचे पाच महिने जातात.

राहिला टर्म सोडण्याचा प्रश्न. सोडा, काही बिघडत नाही, पण कुठे थांबता ते बघा. इंटरमीजिएटच्या दोन भागांच्या मध्ये थांबू नका. टॅक्सचा विषय अर्धा ठेवून थांबू नका. कॉस्ट झाल्यावर किंवा इंटरमीजिएटचा शेवटचा भाग संपल्यावर थांबणं ठीक. फीचा आणि क्रेडिट टिकण्याचा नियम संस्थेकडून लेखी घ्या. थांबण्याच्या आदल्या आठवड्यात एक काम करा: कोऱ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना, पुस्तक न उघडता, वरचं विम्याचं समायोजन, वरचा कर्जरोखा पाच वर्षांचा पूर्ण तक्ता, आणि एका साध्या कंपनीचं रोख प्रवाह पत्रक लिहून काढा. तारीख टाका, पाकिटात बंद करा. परत याल त्या दिवशी तीच तीन गणितं नव्याने सोडवा आणि मग पाकीट उघडून ताडून बघा. जिथे जुळणार नाही, तिथून सुरुवात करा.